टँक हा शब्द नक्की कुणाचा? आपला, पोर्तुगीजांचा की इंग्रजांचा? (भाजी-पावाची पैज आहे)

डिचोलीकार:
मंडळी, एक प्रश्न आहे आणि त्यावर अख्ख्या घराच्या भाजी-पावाची पैज लागलीय, तेव्हा जरा नीट उत्तरं द्या, फेकाफेकी नको.

झालं असं की मे महिन्याच्या सुट्टीत ताई आणि भावोजी पुण्याहून आले, सोबत भाचा, सातवीत गेलाय आणि दिवसभर मोबाईलवर रणगाड्यांचा गेम खेळत असतो, जेवायला बोलावलं तर म्हणतो थांब मामी माझा टँक जळतोय. त्याला घेऊन मंगेशीला गेलो. तिथे एक गाईड काही गोऱ्या पाहुण्यांना इंग्रजीत समजावत होता, धिस इज द टेंपल टँक, व्हेरी ओल्ड वगैरे. टँक कानावर पडलं मात्र, आमचा पठ्ठ्या दर्शनाची रांग सोडून पसार. दीपस्तंभाच्या मागे बघून आला, अगरशाळेच्या बाजूला बघून आला, शेवटी घामाघूम होऊन मला विचारतो, मामा टँक कुठे ठेवलाय? मी म्हटलं अरे ही काय समोर, ही तळी. पायऱ्यांवर जो बसला तो उठेनाच, म्हणे हे तर पाणी आहे.

रात्री सोप्यावर बसून विषय निघाला. भावोजी म्हणाले मूळ इंग्रजी शब्द टँक, आपण त्याची टाकी केली, जसं ग्लासचं गिलास केलं. मी म्हटलं काहीतरीच काय, गडांवर पाण्याची टाकी आहेत ती काय इंग्रजांनी खोदली? आता योगायोग बघा, दुसऱ्या दिवशी छपरावर नवी सिंटेक्सची टाकी बसवायला प्लंबर आला, मडगावचा माणूस, त्याने पाना हातात धरूनच निकाल दिला, ना रे बाबा, तें पुर्तुगेज उतर, तांक!

तीन माणसं तीन मतं. मूळ शब्द कुणाचा? आणि दुसरं म्हणजे तळ्यालाही टँक आणि तोफ लावलेल्या लोखंडी गाडीलाही टँक हे कसं काय जमलं? भाच्याला मी शब्द दिलाय की शोधून सांगतो.

सासष्टीकार:
प्लंबर बरोबर, बाकी सगळे चूक. भाजी-पाव खायला कुठे जायचं तेवढं सांग.

सिरियसली बोलायचं तर घरातल्या पाण्याच्या वस्तूच बघ ना. बादली ही बाल्दवरून, पिंप हे पिपावरून, पिपा म्हणजे दारू नाहीतर पाणी भरायचं लाकडी पीप. दाराची बिजागरी बिसाग्रावरून, कुलपाची चावी त्यांचीच, साबण त्यांचाच. एवढं घर भरून दिल्यावर टाकी तेवढी तुझी कशी काय उरली? पोर्तुगालात आजसुद्धा घराच्या मागे कपडे धुवायचा दगडी हौद असतो त्याला तांकच म्हणतात, माझी मावशी लिस्बनला असते तिच्या जुन्या घराच्या फोटोत बघितलाय मी, आपल्याकडच्या धुण्याच्या दगडासारखा उतरता दगड आणि पुढे पाणी साठवलेलं.

पेडण्याचो_पोर:
भाजी-पाव कुठे याच्यावर वेगळा विषय काढा रे कुणीतरी, तो जास्त चालेल

शब्दवेडी_म्हापसा:
सासष्टीकार, साबणाचं जरा सांभाळून. अरबीतही तो साबूनच, आणि अरबांची ये-जा आपल्या किनाऱ्यावर वास्को द गामाच्या कितीतरी आधीपासून होती, त्यामुळे तो कुणाच्या जहाजातून उतरला यावर भांडायला जागा आहे. पण टँकच्या बाबतीत तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा तुम्ही दिलाच नाहीत, म्हणून मीच देते, जरी मनातून मी डिचोलीकारांच्या बाजूची असले तरी.

वास्को द गामा २० मे १४९८ ला कालिकतजवळ काप्पाडला पोचला. त्या सफरीची एक रोजनिशी आहे, जहाजावरच्याच कुणीतरी लिहिलेली. पुढच्या आठवड्यात कालिकतच्या राजाला भेटायला जाताना यांना वाटेत एका देवळात नेलं. आता यांच्या डोक्यात घरून निघतानाच पक्कं बसलेलं की हिंदुस्थानात ख्रिस्ती लोक राहतात, त्यामुळे देऊळ बघून यांना वाटलं चर्चच आहे. आत जाऊन प्रार्थनासुद्धा केली. आणि भिंतीवरच्या देवांबद्दल काय लिहिलंय तर संत रंगवलेले आहेत, त्यांचे दात तोंडाबाहेर इंचभर आलेत आणि एकेकाला चार-चार पाच-पाच हात आहेत! मला हे दरवेळी वाचताना हसू येतं, चार हात दिसतायत तरी माणूस म्हणतो संतच. असो. तर त्याच्या लगेच पुढे लिहिलंय की या चर्चच्या खालच्या अंगाला घडीव दगडाचा एक मोठा तांक आहे, असे वाटेत आम्हाला बरेच दिसले.

आता बघा. किनाऱ्याला लागून जेमतेम आठ-दहा दिवस झालेले. मलबारात तळ्याला म्हणतात कुळम. टांकं म्हणणारा मराठी-गुजराती मुलूख यांनी अजून डोळ्यांनी बघितलेला नाही. तरी लिहिणारा तांक लिहितो, आणि तिकडच्या वाचकाला त्याचा अर्थ समजावूनही सांगत नाही. म्हणजे शब्द घरून बरोबर आणलेला. पोर्तुगीजमध्ये वाहतं पाणी अडवणं याला इश्तांकार म्हणतात, तांक त्यावरून, आणि शेजारच्या स्पॅनिशमध्ये तळ्याला इस्तांके म्हणतात. सगळं एका घरातलं.

बाकी डिचोलीकार, तुमच्या भाच्याला सांगा की देवळात जाऊन भलतंच शोधणारा तो पहिला नाही.

गडवाट्या_फोंडा:
पुरावा भारी आहे मॅडम, मान्य. पण त्याने एवढंच ठरतं की पोर्तुगीजांकडे तांक होता. आपल्याकडे टाकं नव्हतं हे कुठे ठरलं?

मी गेली बारा-तेरा वर्षं पावसाळा संपला की घाटावर गड चढायला जातो, त्यामुळे टाकं हा शब्द माझ्यासाठी पुस्तकातला नाही, जीव वाचवणारा आहे. शिवनेरीवर गंगा-जमना टाकी आहेत, रायगडावर बारा टाकी म्हणून जागाच आहे. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, वरून बघितलं तर कातळात नुसतं चौकोनी तोंड दिसतं, पण आत वाकून बघितलं की पाणी डोंगराच्या पोटात लांबपर्यंत गेलेलं असतं आणि मध्ये कातळाचेच खांब सोडलेले असतात, त्याला खांबटाकं म्हणतात. डोळ्याला अंधाराची सवय झाली की वटवाघळं पण दिसतात. एप्रिलच्या उन्हात बाटलीला दोरी बांधून पाणी काढलं तर दात ठणकतात एवढं गार. आणि कडेवर पालथं पडून आतल्या भिंतीवर हात फिरवून बघा, छिन्नीचे तिरके चरे बोटांना लागतात, एकाखाली एक, ओळीने, जसे काल मारलेत.

आता मुद्दा. त्या छिन्नीला आपल्याकडे काय म्हणतात? टाकी! टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण सगळ्यांनी आजीकडून ऐकलेली असते पण लहानपणी मला वाटायचं की देवाला पाण्याच्या टाकीत घालून मारतात की काय. संस्कृतात टंक म्हणजे दगड फोडायची छिन्नी. ठोकून, घाव घालून, ठसा मारून जे जे होतं ते सगळं या टंकाचं गोत्र आहे. नाणी पाडायची ती टाकसाळ. देवघरातले चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेले देवाचे टाक. अहो टाईपरायटरला टंकलेखन म्हणतो ते सुद्धा तिथूनच. मग टाकीने खोदलं ते टाकं हे सरळ नाही का? गुजरातेत आणि राजस्थानात घराच्या अंगणाखाली पावसाचं पाणी धरायला बांधतात त्यालाही टांकं, टांकाच म्हणतात, आणि थरच्या वाळवंटात पोर्तुगीज कधी गेले होते?

माझ्याविरुद्ध जाणारी एक गोष्ट मीच सांगून टाकतो, नाहीतर मॅडम सांगतीलच. कान्हेरीला आणि जुन्नरला लेण्यांजवळ जी टाकी आहेत त्यांच्यावर दोनेक हजार वर्षांपूर्वीचे प्राकृत शिलालेख आहेत. जुन्नरला तर इरिल नावाच्या एका यवनाने, म्हणजे परदेशी माणसाने, दोन टाकी दान दिल्याचं कोरलंय. पण शब्द काय वापरलाय, बे पोढियो. पोढी! टाकं नाही. त्यामुळे टाकं हा शब्द त्या काळात या अर्थाने चालत होता असं काही मला छातीठोक म्हणता येत नाही. पोढी मेली, टाकं राहिलं, मध्ये काय झालं ते कातळालाच ठाऊक.

पेडण्याचो_पोर:
देवाला टाकीत घालून मारतात 😂 मला पण अगदी हेच वाटायचं, आणि आमच्या घरी टाकी साफ करायला मलाच आत उतरवायचे त्यामुळे ते खरंही वाटायचं

आगोंद_१२:
शब्दवेडी मॅडमच्या पुराव्याला भोक आहे. वास्को द गामाला आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीहून इकडे आणणारा वाटाड्या कोण होता? गुजराती! बारुश नावाच्या पोर्तुगीज इतिहासकाराने नाव पण दिलंय, मालेमो काना, गुजरातचा मूर, म्हणजे मुसलमान. २४ एप्रिलला मालिंदी सोडली आणि २० मेला काप्पाड. एवढे दिवस एक गुजराती माणूस सोबत असताना टांकं हा शब्द कानावर पडलाच नसेल कशावरून? डिचोलीकार, तुमची पैज अजून जिवंत आहे.

सासष्टीकार:
अरे देवा. भर समुद्रात चहूकडे पाणीच पाणी आणि हे बसून अंगणातल्या हौदाचे शब्द शिकतायत? जहाजावर पाणी कशात असतं रे, पिपांत. पिंप! म्हणजे परत आमचाच शब्द 😎

शब्दवेडी_म्हापसा:
आगोंद, कल्पना मस्त आहे, माझ्या वर्गातल्या पोराने मांडली असती तर मी पैकीच्या पैकी दिले असते. पण बारुशचा तो ग्रंथ छापला गेला १५५२ मध्ये, म्हणजे सफरीनंतर पन्नासहून जास्त वर्षांनी. रोजनिशीत तो वाटाड्या गुजराती असल्याचं काहीच नाही, उलट तिथे त्याला ख्रिस्ती म्हटलंय. अर्थात त्या लोकांना त्या उन्हाळ्यात जो दिसेल तो ख्रिस्तीच दिसत होता, तेव्हा त्याच्यावर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा.

आणि गडवाट्या, टंकाचं गोत्र तुम्ही छान मांडलंत, मला पटायला आवडेल. फक्त कानाला जुळतं म्हणून मूळ एकच, या वाटेने आपण सगळेच कधी ना कधी घसरलोय, माझे एक काका उभा जन्म सांगत आले की कॅमेरा हा शब्द कमरेवरून आला कारण फोटोवाले तो कमरेला लावायचे. टाकीने खोदलेलं टाकं हे त्याच्यापेक्षा शंभर पटीने बरं आहे, पण ताळा करायला जुना लिखित दाखला हवा.

माझं मत विचाराल तर इथे एक बाप शोधण्यातच चूक होतेय. पोर्तुगीजांचा तांक वेगळा जन्मलेला, आपलं टाकं वेगळं जन्मलेलं, दोन्हीचा अर्थ पाणी साठवायची जागा, दोन्हीचा आवाज जवळपास एक. असे दोन शब्द एकाच बंदरात भेटले की कुणाचा कुठला हे सांगणं कठीण. आणि ते बघायला तिसरा माणूस आला तो इंग्रज. सुरतेला इंग्रजांची वखार १६१३ ची. टँक हा शब्द इंग्रजीत दिसायला लागतो तो त्याच दशकात, आणि तोही हिंदुस्थानातल्या वर्णनांत. आता सुरतेत गावचे लोक म्हणणार टांकं, आणि बंदरात व्यवहाराला सगळीकडे चालणारी भाषा पोर्तुगीज, ती म्हणणार तांक. इंग्रजाने दोन्ही कानांनी एकच ऐकलं. त्याला काय फरक पडतो कुणाचा ते, त्याने उचललं.

१८८६ साली युल आणि बर्नेल या दोघांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजी शब्दांचा जो जाडजूड कोश काढला, हॉब्सन-जॉब्सन नावाचा, त्यात टँकच्या नोंदीत हाच झगडा आहे आणि त्या रोजनिशीतला देवळाचा उतारा मला तिथेच पहिल्यांदा भेटला. या वाटेचा खरा राजा मात्र आपल्याच बाजूचा, आसगावचा. मोन्सेन्योर सेबास्त्यांव रोदोल्फो दालगादो, जन्म १८५५. आशियातल्या भाषांत पोर्तुगीज शब्द कुठवर पोचले याच्यावर त्यांचं १९१३ चं अख्खं पुस्तक आहे आणि नंतर दोन खंडांचा कोश. म्हापशाहून आसगाव हाकेच्या अंतरावर, पण माझ्या शाळेतल्या एकाही मुलाला त्यांचं नाव माहीत नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. स्टाफरूममध्ये विचारलं तिथेही दोघांनाच माहीत.

निवृत्त_हवालदार_सत्तरी:
पाण्याचं खूप झालं, त्या पोराच्या प्रश्नाला कुणी हातच लावत नाही. मी सांगतो.

पहिल्या महायुद्धात १९१५ साली फ्रान्समध्ये दोन्ही बाजू खंदकात अडकून पडल्या होत्या, काटेरी तारा आणि मशीनगन, पुढे सरकायला वाट नाही. तेव्हा इंग्रजांनी पट्ट्यावर चालणारी चिलखती गाडी बनवायला घेतली. आधी तिला लँडशिप म्हणत, जमिनीवरचं जहाज, कारण काम सुरू केलं होतं नौदलाच्या खात्याने, चर्चिल तेव्हा तिथले मंत्री. गाडी बनत होती लिंकन गावात, विल्यम फॉस्टर नावाच्या कंपनीत, ती कंपनी एरवी शेतीची यंत्रं बनवायची. आता लँडशिप म्हटलं की शत्रूला लगेच वास लागणार. म्हणून कारखान्यातल्या लोकांना सांगितलं की मेसोपोटेमियाच्या वाळवंटात पाणी वाहून न्यायच्या टाक्या बनवतोय. पत्र्याची मोठी पेटी, रिव्हेट ठोकलेली, बघणाऱ्याला खरंच टाकी वाटणार. डिसेंबर १९१५ मध्ये कागदोपत्री पण टँक हेच टोपणनाव ठरलं. सिस्टर्न, कंटेनर असे पण पर्याय होते, पण जिभेला सोपा टँक. पुढे तर वर रशियन अक्षरात लिहून ठेवलं की सांभाळून न्या, पेत्रोग्राडला, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं माल रशियाला चाललाय.

१५ सप्टेंबर १९१६ ला सोमच्या लढाईत फ्लेर गावाजवळ पहिल्यांदा लढाईत उतरवल्या. एकेक २८ टनाची, आत आठ माणसं, आणि इंजिन त्यांच्या मधोमध उघडं. धूर आत, उष्णता आत, आवाज आत. वेग माणसाच्या चालीएवढा, त्यातल्या बऱ्याच वाटेतच बंद पडल्या. पण नाव पडलं ते पडलं. टोपणनाव खऱ्या नावाला खाऊन बसलं, जसं आमच्या गावात एकाला सगळे मुंगूस म्हणतात, रेशनकार्डावरचं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागतं.

मी लष्कराच्या ईएमईत होतो, म्हणजे बिघडलेलं दुरुस्त करणारे. विजयंता रणगाड्याच्या पोटात शिरून काम केलंय, मे महिन्यात बाहेरून पत्र्याला नुसता हात लागला तरी फोड येतो, आणि आत पाना खाली पडला तर तो काढायला पाण्यातला मासा पकडावा तसा हात घालावा लागतो. त्यामुळे त्या पहिल्या आठ जणांचं काय झालं असेल ते मी समजू शकतो. भाच्याला टँकच बघायचा असेल तर देवळात कशाला, पुण्याहून नगर काय लांब आहे, तिथे रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ पासून. सुट्टीत घेऊन जा, दिवस पुरणार नाही त्याला.

आणि एक सांगतो, मराठीने ही लपवाछपवी केली नाही. रणात जाणारा गाडा, रणगाडा. जर्मनांनी पण सरळ चिलखत म्हटलं, पान्झर. पाण्याच्या टाकीचं सोंग फक्त इंग्रजांनी घेतलं.

डिचोलीकार:
हवालदार काका, सलाम. आत्ता लगेच फोन करून भाच्याला वाचून दाखवलं, स्पीकरवर. पेत्रोग्राडचं ऐकून तो पाच मिनिटं हसत होता, आणि विचारतो, म्हणजे पाण्याची टाकी आहे असं खोटं सांगितलं, आणि मला मामाने टँक आहे म्हणून पाणी दाखवलं, म्हणजे उलटं झालं ना? मी काय बोलणार.

पर्वरी_पीजीवाला:
मग टँक टॉप कुठून आला? आणि पिक्चर टँक झाला म्हणतात ते? रणगाड्याखाली आला असं काही आहे का

शब्दवेडी_म्हापसा:
नाही, दोन्हींत पाणीच आहे. पोहण्याच्या तलावाला पूर्वी स्विमिंग टँक म्हणायचे, तिथे घालायचा बिनबाह्यांचा पोहण्याचा पोशाख तो टँक सूट, आणि त्याच कापाचा वरचा कपडा टँक टॉप. बुडण्याचं मूळ अमेरिकेतल्या बॉक्सिंगमध्ये. पैसे खाऊन मुद्दाम हरणारा धाडकन खाली पडायचा त्याला म्हणायचे डाइव्ह मारली, मग डाइव्ह मारली तर कशात, टँकमध्ये! तिथून टेनिसवाल्यांनी घेतला आणि मग पिक्चर, शेअर, सगळंच टँक व्हायला लागलं.

सेप्टिक टँकचा जन्म पण ठाऊक आहे, इंग्लंडात एक्झीटर शहराचे सर्व्हेयर डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ च्या सुमारास बांधला आणि नाव दिलं, पण जेवणाची वेळ आहे, तो राहू दे.

मला मात्र मघापासून त्या गाईडबद्दल बोलायचंय. सगळे म्हणतायत भाच्याचा घोटाळा झाला कारण गाईड टँक म्हणाला. अहो गाईड अगदी बरोबर बोलत होता! पेट्रोलची टाकी, माशांची टाकी, रणगाडा हे सगळे टँकचे नंतरचे अर्थ. इंग्रजीतला या शब्दाचा सगळ्यात पहिला अर्थ म्हणजे हिंदुस्थानातलं बांधीव तळं, पायऱ्या असलेलं, देवळाजवळचं नाहीतर गावाजवळचं. लंडनमधला माणूस आज तळ्याला टँक म्हणणार नाही, पण आपल्याकडे तो अर्थ चारशे वर्षं जसाच्या तसा राहिलाय. मुंबईत बघा ना, सी. पी. टँक, गोवालिया टँक, बाणगंगा टँक. गोवालिया टँकवर १९४२ च्या ऑगस्टमध्ये चले जाव म्हटलं तेव्हा तिथे तळं उरलंही नव्हतं, मैदान होतं, तरी नाव टँकच. हैदराबादला टँक बंड. फोंड्याच्या साफा मशिदीशेजारी जी कमानी-कमानींची तळी आहे तिलाही इंग्रजीत टँकच लिहितात.

गडवाट्या_फोंडा:
साफा मशिदीची तळी घरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि मी टाकी बघायला शिवनेरीपर्यंत जातो 🙈 उद्या सकाळी जाऊन बघतो दगडावर टाकीचे घाव दिसतात का.

सासष्टीकार:
निकाल सांगा आता. पैज कोण जिंकलं?

डिचोलीकार:
भावोजी हरले एवढं नक्की, टँकवरून टाकी आली नाही, झालंच तर उलटं, आणि त्यांनी ते फोनवर मान्य पण केलं, जरा आढेवेढे घेतले पण केलं. मी आणि प्लंबर दोघं अर्धे-अर्धे जिंकलो असं मी धरतोय. प्लंबरला तांकवाली वास्को द गामाची गोष्ट सांगितली तर तो छपरावरून म्हणतो, मागीर हांवें कितें सांगिल्लें तुका! अर्धंच जिंकलास म्हटलं तर त्याला ते मान्य नाही, त्याला पूर्ण भाजी-पाव पाहिजे आणि वर एक कटलेट पाव. भावोजींनी पैसे पाठवलेत, तेव्हा काय बोलू.

सगळ्यांना देव बरें करूं, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. गडवाट्या, घाव दिसले तर फोटो टाका, भाच्याला पाठवतो.

पळतो आता. उद्या आमच्या वाड्यावर नळाला पाणी नाही, सकाळी सहाला टँकर येणार आहे असा मेसेज आलाय, आणि नव्या टाकीचं पाईप जोडायचं प्लंबरने सोमवारवर ढकललंय, त्यामुळे बायको म्हणते माळ्यावरची दोन्ही पिंपं खाली काढून धुवून ठेव.